दोन कोर्टांचे निकाल उलटसुलट असतील, तर हायकोर्टाने सेकंड अपील ऐकायलाच हवं ना?

बांधावरचा:
आमचा शेताच्या हद्दीचा दावा. तालुक्याच्या कोर्टाने हुकूमनामा आमच्या बाजूने दिला, जिल्हा कोर्टाने तो फिरवला. उच्च न्यायालयात सेकंड अपील केलं, तर ते अ‍ॅडमिशनलाच, म्हणजे दाखल करून घ्यायचं की नाही हे ठरवतानाच, फेटाळलं. कारण एकच: 'कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होत नाही.' समोरच्यांना नोटीससुद्धा निघाली नाही. वडील कोर्टाच्या दाराशी उभे होते. आपलं प्रकरण कधी पुकारलं आणि कधी संपलं, त्यांना कळलंच नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 100 मी नंतर वाचलं. 1976 च्या दुरुस्तीपासून असा प्रश्न असल्याशिवाय सेकंड अपील ऐकता येत नाही. दोन्ही कोर्टांनी एकच सांगितलं असेल तर ही चाळणी मला मान्य आहे. पण एक न्यायाधीश हो म्हणतो आणि दुसरा नाही, तेव्हा तिसऱ्याने एकदा तरी दोन्ही बाजू ऐकल्याच पाहिजेत. कायद्यातच तसं लिहावं.

चौदा वर्षं:
अजिबात लिहू नये. आमचा निकालही पहिल्या अपिलात फिरला होता, पण तो आमच्या बाजूने. समोरच्यांचं सेकंड अपील दाखल झालं, हुकूमनाम्याला स्थगिती मिळाली आणि फाइल अंतिम सुनावणीच्या रांगेत जाऊन पडली. चौदा वर्षं. ना जमिनीचा ताबा, ना तिच्यावर कर्ज. शेवटी अपील फेटाळलं गेलं तोवर आई गेली होती. 'एकदा ऐकलं पाहिजे' हे म्हणायला सोपं आहे. ते ऐकेपर्यंत दुसऱ्या कुणाचं तरी घर ताटकळत राहतं.

काळा कोट:
वकिली करतो म्हणून लिहितो. सरसकट नियम मलाही नको. पण निकाल फिरला असेल तर दार आजही उघडं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये संतोष हजारी विरुद्ध पुरुषोत्तम तिवारी या प्रकरणात सांगितलं, की निकाल फिरवणाऱ्या अपिली कोर्टाने खालच्या कोर्टाच्या कारणांना थेट भिडायला हवं, ती का पटत नाहीत ते लिहायला हवं. तसं केलं नसेल, तर तोच मुद्दा कायद्याचा प्रश्न म्हणून मांडता येतो.
बांधावरचा, तुमच्या अपील मेमोत, म्हणजे अपिलाच्या लेखी अर्जात, प्रश्न काय होते?

बांधावरचा:
'जिल्हा कोर्टाने पुराव्याचं चुकीचं मूल्यमापन केलं काय?' अशाच धर्तीचे आठ.

काळा कोट:
तिथेच घात झाला. ही वस्तुस्थितीबद्दलची तक्रार झाली. अशी चूक कितीही ढोबळ असली तरी सेकंड अपिलात चालत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वात वरच्या अपिली कोर्टाने, 1890 मध्येच सांगून ठेवलंय. तुमचा निकाल कशावर फिरला?

बांधावरचा:
मोजणीच्या नकाशावर. मोजणीदाराची साक्षच झाली नाही म्हणून तालुक्याच्या कोर्टाने तो नकाशा मानला नव्हता.

काळा कोट:
मग प्रश्न असा हवा होता: 'मोजणीदाराची साक्ष न घेता, केवळ त्याच्या नकाशावरून अतिक्रमण सिद्ध झालं असं धरता येतं काय?' मेमोत प्रश्न नेमका मांडा, असं कलम 100 चं पोटकलम 3 स्पष्ट सांगतं.

पायरीवरची:
याच उत्तराचा मला राग येतो. वकिलाने प्रश्न नीट लिहिला नाही, म्हणून पक्षकाराने जमीन गमवायची? लगेच पुढचं पोटकलम 4 वाचा. असा प्रश्न आहे अशी खात्री पटली तर तो निश्चित करायचं काम कोर्टावर टाकलंय. मेमो भोंगळ असला, तरी दोन्ही निकालपत्रं समोर असतातच ना? ती शेजारी शेजारी ठेवून वाचली की मोजणीदाराचा मुद्दा दिसतोच.

चौदा वर्षं:
एवढं मान्य. दाखल करून घेण्याआधी दोन्ही निकाल वाचा आणि फेटाळायचं असेल तर का, ते चार ओळींत लिहा. यात कुणाची चौदा वर्षं जात नाहीत. पण निकाल फिरला म्हणून अपील आपोआप दाखल, याला माझा विरोध कायम आहे.

बांधावरचा:
काल रात्री दोन्ही निकालपत्रं शेजारी ठेवून वाचली. साक्ष का हवी होती, यावर तालुक्याच्या कोर्टाने दीड पान लिहिलंय. जिल्हा कोर्टाचं एकच वाक्य आहे: नकाशा सरकारी खात्याचा असल्याने अविश्वास दाखवण्याचं कारण नाही. त्या दीड पानाचा उल्लेखही नाही. वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, हेच तर मी वकिलांना सांगत होतो.
रिव्ह्यूची, म्हणजे त्याच कोर्टाकडे फेरविचार मागण्याची, 30 दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेलीय.