कंपनी वाढली, माणसं तेवढीच: सातारा-सांगलीकडचे कामाचे अनुभव

भाच्याला गेल्या महिन्यात पहिली नोकरी लागली. परवा रात्री साडेनऊला जेवायला बसला आणि पहिल्या घासालाच साहेबांचा फोन. ताट तसंच राहिलं. मला माझी कुपवाड एमआयडीसीतली अकरा वर्षं आठवली. आपल्याकडच्या लहानाच्या मोठ्या झालेल्या कंपन्यांत काम केलेल्यांनी इथं लिहावं. कंपनीचं, साहेबांचं नाव नको. किती तास, किती माणसं, नेमकं काय घडलं, ते लिहा. सुरुवात मी करतो.

मी लागलो तेव्हा चार सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशिनं, आणि बारा माणसं होती. सहा वर्षांत मशिनं चौदा झाली, माणसं एकोणीस. एकाकडं दोन मशिनं, पुढं तीन. एकावर जॉब (घडवायचा भाग) लावेपर्यंत दुसरं थांबतं, त्या घाईत गेज लावून माप बघायचं राहतं, आणि माल परत आला की खुलासा ऑपरेटरनं लिहून द्यायचा. 1948 च्या कारखाना कायद्यात आठवड्याला 48 तास आणि जादा तासांना दुप्पट दर होता. आम्ही रोज बारा तास थांबायचो, पैसे साध्या दरानं.

माझा हात चांगला म्हणून मला सुपरवायझर केलं. माणसं कशी सांभाळायची, हे एक दिवसही कुणी शिकवलं नाही. माझ्यावर वरून ओरडायचे, मी खाली ओरडायचो. एका पोराची बायको बाळंतपणाला दवाखान्यात होती, त्याची रजा मी नाकारली, कारण डिस्पॅच होता, माल पाठवायचा होता. तो गेलाच आणि परत कामावर आला नाही. ते अजून मनातून जात नाही.

सातारा, शिरवळला अकाउंट्समध्ये होते
पोवई नाक्यावर सकाळी सव्वासहाला बस. परतीला खंबाटकी घाटात गाड्या अडकल्या की घरी साडेआठ. मग ग्रुपवर मेसेज यायचा, "ताई, एवढा रिपोर्ट रात्रीत टाका." मी एकदा म्हटलं, मुलाची परीक्षा आहे. साहेब म्हणाले, "आपण सगळे एका घरचे आहोत ना?" दिवाळीआधी दोघी सोडून गेल्या, त्यांचं काम माझ्याकडं आलं. पगार तोच. बीपीची गोळी चौतिसाव्या वर्षी सुरू झाली.

विश्रामबाग, सॉफ्टवेअर
कंपनी एका फ्लॅटमध्ये होती, आम्ही सात जण होतो, तीन वर्षांत चाळीस. सकाळी साडेनऊला मीटिंग आणि रात्री दहाला अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल, दोन्हीला हजर राहायचं. मी पुण्याला गेलो. सांगलीत राहायची इच्छा होती.

सांगली, गावभाग
ऑगस्ट 2019 चा महापूर. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, पाणी त्याच्या कितीतरी वर गेलेलं. आम्ही आई-आप्पांना घेऊन नातेवाइकांकडं. कंपनी उंचावर, तिथं पाणी नाही. सुपरवायझरचा फोन आला, "तुमच्याकडं येऊन ट्रॅक्टरनं न्यायची सोय करतो, पण या." गेलो नाही. महिनाअखेरीस सगळे दिवस बिनपगारी लावले. भिंतीवर चिखलाची ओल होती आणि हातात निम्मा पगार.

मिरज
एक कामाचं सांगतो. आमच्या पगारातून पीएफचे 12 टक्के कापायचे, पण भरत नव्हते. पासबुक ऑनलाइन उघडल्यावर आठ महिने कोरे दिसले. कंपनीनं पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत पैसे भरायचे असतात. सगळ्यांनी मिळून पगाराच्या स्लिपा जोडून पीएफच्या पोर्टलवर तक्रार केली, पैसे जमा झाले. स्लिपा जपून ठेवा, दर तिमाहीला पासबुक बघा.

कुपवाड, छोटा कारखानदार
मी मालक आहे, तरी लिहितो. मोठी कंपनी माल उचलते आणि बिल नव्वद-शंभर दिवसांनी देते. 2006 च्या कायद्यात लहान पुरवठादाराला 45 दिवसांत पैसे द्यायचे म्हटलंय, पण मागायला गेलं की पुढची ऑर्डर जाते. मशिनचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच कापला जातो. म्हणून माणसं वाढवायला हात आखडतो. यानं पोरांना त्रास होतो, हे मला मान्य आहे.

(पहिला लेखक)
दादा, पैसे अडकतात हे खरं, मीही तसंच बघितलंय. पण हे तुमच्या पोरांना कधी बसवून सांगितलंत का? आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. अकरा वर्षं आम्हाला वाटायचं, आपणच कमी पडतोय.