हिमोडायलिसिसच्या नर्सना सीएपीडी शिकवायचं आहे, सुरुवात कुठून करू?

युनिट_घोडबंदर
ठाण्यात आमचं हिमोडायलिसिस (मशीनवर रक्त शुद्ध करण्याचं) युनिट आहे, आता सीएपीडी (पोटात नळीवाटे पाणी भरून काही तासांनी काढायचं, पेशंटने घरीच करायचं डायलिसिस) सुरू होतंय. चार नर्स हिमोत मुरलेल्या आहेत, पोटाच्या डायलिसिसला मात्र एकीनेही हात लावलेला नाही. बॅगवाल्या कंपनीचा माणूस एक दिवस येऊन दाखवून जाणार. तेवढ्यावर पेशंटना शिकवायला बसवायचं का? पेशंट दिवा, कळवा, ऐरोलीकडचे, बरेचसे एका खोलीत राहणारे. नर्सला नेमकं काय यायला हवं आणि ते तपासायचं कसं?

पीडी_सिस्टर_नेरूळ
एका दिवसात क्रम पाठ होतो, हात बसत नाही. आधी हिमोच्या सवयी मोडा. ग्लोव्ह्ज घातले की काम झालं, ही पहिली. इथे भरवसा हातांवर. साबणाने धुवायचे, खडखडीत कोरडे पुसायचे (ओल्या हातावर नळाच्या पाण्यातले जंतू राहतात), मग हँडरब, आणि तो सुकेपर्यंत कशालाही शिवायचं नाही. पेशंट आणि नर्स दोघांना मास्क, पंखा आणि एसी बंद.

सगळ्यात जास्त चुका फ्लशला, म्हणजे नव्या पाण्याने नळी धुण्याला होतात. पोटातलं जुनं पाणी निघून गेलं की ट्रान्सफर सेट (कॅथेटर, म्हणजे पोटातली नळी, आणि बॅग यांना जोडणारा क्लॅम्पवाला तुकडा) बंद करायचा, नव्या बॅगेची सील मोडायची, ड्रेनची नळी उघडी ठेवून पाच आकडे मोजायचे. नळीतली हवा आणि जोडणीवर काही जंतू बसले असतील तर तेही ड्रेन बॅगेत जातात. मग ड्रेनला क्लॅम्प, त्यानंतरच पोटात पाणी. ही पायरी गाळली की हवा पोटात जाते आणि पेशंट खांदा दुखतो म्हणून फोन करतो. खांद्याला मलम लावून काय उपयोग!

फ्लशचं साधारण १०० मिली पाणी ड्रेन बॅगेतच जमा होतं. ते वजा केलं नाही तर चार एक्स्चेंजना (जुनं पाणी काढून नवं भरण्याच्या फेऱ्यांना) रोज ४०० मिली अल्ट्राफिल्ट्रेशन (शरीरातून निघालेलं जादा पाणी) कागदावर जास्त दिसतं, आणि पायाला सूज का येते ते कुणालाच कळत नाही. रिकाम्या बॅगेचं वजनही वजा करायचं.

तपासायचं असं: कॅथेटर शिवलेला एप्रन तुम्ही घाला, नर्सला एक्स्चेंज करायला लावा आणि मध्येच नळीच्या उघड्या टोकाला मुद्दाम बोट लावा. तिने ओळखून थांबायला हवं. मग तिलाच पेशंट बनवून दुसरीला शिकवायला सांगा. स्वतः करता येणं आणि शिकवता येणं, यांत फार अंतर आहे. एका वेळी एकच पेशंट. दोघांना एकत्र बसवलं की एक जण नुसती मान डोलावतो.

नेफ्रो_वाशी
सिस्टरांच्या मुद्द्यांत रात्रीचा फोन जोडतो. नर्सची खरी परीक्षा तिथेच.

पाणी गढूळ आलं, की दुसरं सिद्ध होईपर्यंत पेरिटोनायटिसच (पोटाच्या आतल्या आवरणाचा जंतुसंसर्ग). पोट दुखत नाही म्हणून सकाळपर्यंत थांबवायचं नाही. घरी ओळखायला बॅग छापील पेपरवर ठेवायची, बारीक अक्षरं वाचता आली पाहिजेत. बॅग फेकू न देता सोबत आणायची, हे पहिल्या दिवसापासून पेशंटच्या डोक्यात बसवा. किमान दोन तास पोटात राहिलेल्या पाण्यात दर मायक्रोलिटरला १०० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यांत निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असले, तर निदान जवळपास पक्कं. कल्चरसाठी ५ ते १० मिली पाणी पेशंटच्या जवळच ब्लड कल्चरच्या बाटल्यांत घालायचं. नमुने घेतले की अँटिबायोटिक लगेच, रिपोर्टची वाट न बघता. बॅगेतून दिलेला डोस पोटात किमान सहा तास राहिला पाहिजे. दोन औषधं एकाच बॅगेत द्यायची असली तरी सिरिंज वेगवेगळी.

दुसरा फोन: ‘टोपी पडली’, म्हणजे ट्रान्सफर सेटच्या टोकाचं झाकण. नर्सने एकच विचारायचं, ट्रान्सफर सेटचा क्लॅम्प बंद होता का? बंद असेल तर येऊन सेट बदलायचा. उघडा होता किंवा त्यानंतर पोटात पाणी गेलं असेल, तर सेट बदलून शिवाय अँटिबायोटिकही.

घरभेट_कळवा
एका खोलीतही जमतं. भिंतीला बॅगेसाठी एक हूक आणि पुसता येईल असा छोटा टेबल लागतो. खरी अडचण साठ्याची. दोन लिटरच्या रोज चार बॅगा म्हणजे महिन्याला १२०, जवळपास पाव टन वजन! लिफ्ट नसेल तर खोकी कोण चढवणार, हे आधीच ठरवा. दिव्यात पावसात पाणी शिरतं, खोकी फळीवर ठेवा. बॅग कोरड्या उष्णतेनेच गरम करायची. मायक्रोवेव्हमध्ये ती कुठे कोमट तर कुठे चटका बसेल इतकी तापते. घरात मांजर असेल तर एक्स्चेंजच्या वेळी बाहेर, नळी चावली की त्यातूनही पेरिटोनायटिस होतो. आणि गणपतीत सांगून ठेवा: विसर्जनाला तलावपाळीला जा, पण पाण्यात उतरू नका.

युनिट_घोडबंदर
उपयोगी आहे. पाणी आत जातं पण बाहेर येत नाही, असा फोन आला तर?

पीडी_सिस्टर_नेरूळ
नळी दुमडली आहे का, क्लॅम्प राहिला आहे का, ते बघायला सांगायचं, कुशीवर वळवायचं. लगेच पुढचा प्रश्न: पोट साफ कधी झालं? भरलेलं आतडं कॅथेटरला दाबतं किंवा जागेवरून सरकवतं, त्यामुळे आधी जुलाबाचं औषध. आत जातानाही अडत असेल आणि पाण्यात पांढरे धागे दिसत असतील तर फायब्रिन (गुठळी बनवणारं प्रथिन) अडकलंय. डॉक्टरांना विचारून बॅगेत लिटरला ५०० युनिट हेपॅरिन (गुठळी न होऊ देणारं औषध). तरीही नाही जमलं तर एक्सरे, ओटीपोट पूर्ण येईल असा. कॅथेटरचं टोक वर सरकलंय का आणि मळ किती साठलाय, दोन्ही एकाच फिल्मवर दिसतं.