थंडीत पहिल्या उड्डाणाआधी ऑइल प्रेशर लाल रेषेजवळ, टेंपरेचर मात्र हिरव्यात येत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी बेळगावचा. सांबऱ्याला, म्हणजे आमच्या विमानतळावर, वैमानिकाचं प्रशिक्षण घेतोय, 46 तास झालेत. विमानांच्या इंजिनांवर काम केलेले किंवा स्वतः उडवणारे कुणी इथे असतील तर कृपया पूर्ण वाचा. थोडं लांबलंय, पण आकडे दिल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

विमान सेस्ना 172 एस, इंजिन लायकमिंग कंपनीचं आयओ-360, 180 अश्वशक्तीचं. ऑइल टेंपरेचरचा हिरवा पट्टा (म्हणजे नेहमीच्या वापराची मर्यादा) 100 ते 245 फॅरनहाइट (38 ते 118 सेल्सिअस). प्रेशरचा हिरवा पट्टा 50 ते 90 पीएसआय (दाबाचं एकक), खालची लाल रेषा 20 वर आणि वरची 115 वर.

गेल्या सोमवारी पहिलं उड्डाण माझं होतं. सकाळी स्कूटरवरून येताना मुतग्याच्या पुढे हाताची बोटं बधिर झाली होती. शेतांवर धुकं होतं, पण धावपट्टीवर स्वच्छ. विमानातला बाहेरच्या तापमानाचा आकडा 12 सेल्सिअस. डिपस्टिक काढली तर तेल पट्टीला चिकटून बसलेलं, थेंब सुटायलाच तयार नाही. पातळी बरोबर होती.

इंजिन लगेच चालू झालं. प्रेशर काही सेकंदांत आलं आणि थांबलंच नाही. 90 च्या वर गेलं, 100 च्या वर गेलं. टेंपरेचरचा काटा मात्र तळाशी. त्या वेळी टॉवरकडून कळलं की प्रवासी विमान येतंय, लवकर निघालात तर आधी सोडतो. मी घाई केली. इंजिन पटकन तापावं म्हणून मिनिटभरातच थ्रॉटल पुढे ढकलून 1800 आरपीएम केले. प्रेशर 112 वर गेलं. शेजारी बसलेल्या प्रशिक्षक सरांनी एक शब्द न बोलता माझ्या हातावर हात ठेवला आणि थ्रॉटल 1000 वर आणला. टॉवरला सांगितलं, आम्ही थांबतो.

सहा-सात मिनिटं आम्ही नाक वाऱ्याकडे करून तसेच बसलो. प्रेशर हळूहळू 84 वर उतरलं, टेंपरेचरचा काटा हिरव्याच्या कडेला लागला. मग सगळ्या तपासण्या करून तासभर उडालो. वर सरळ उड्डाणात टेंपरेचर 168 फॅरनहाइट आणि प्रेशर 74. परत आल्यावर पार्किंगमध्ये, गरम इंजिन, हळू आरपीएम, तेव्हा प्रेशर 45. म्हणजे हिरव्याच्या खाली. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

सरांना मी विचारलं, त्यांनी समजावलंही. पण त्या दिवशी पुढची तीन उड्डाणं त्यांच्या नावावर होती, आणि मला हे मुळापासून समजून घ्यायचंय. तर प्रश्न असे की, मी जे अर्धा मिनिट इंजिन रेटलं त्यानं आत काही झिजलं असेल का, आणि ते कळणार कसं? टेकऑफच्या आधी टेंपरेचर हिरव्यात यायलाच हवं का? आमच्यातले निम्मे म्हणतात हवंच, निम्मे म्हणतात इंजिन न अडखळता पॉवर घेतंय तर निघा. आणि शेवटचं, 168 हे थंडीत कमी आहे का?

घरी बाबांना सांगितलं. त्यांचं उद्यमबागेत छोटं वर्कशॉप आहे, हायड्रॉलिक सिलिंडरचे सुटे भाग करतात. त्यांनी विमानाचं इंजिन कधी उघडलेलं नाही, पण तेल आणि पंप यांत त्यांची तीस वर्षं गेलीत. ते म्हणाले, "काटा वर गेला म्हणजे तेल पोचलं असं नव्हे. तेल पुढं सरकत नाही म्हणून काटा वर गेलाय." त्यांच्या पॉवर पॅकमध्ये (हायड्रॉलिक पंपाच्या संचात) 68 नंबरचं तेल असतं. डिसेंबरात सकाळी पंप चालू केला की तो केकाटतो, कारण घट्ट तेल त्याला ओढता येत नाही. म्हणून ते दोन-चार वेळा चालू-बंद करतात आणि मग दहा मिनिटं बिनलोड फिरवतात. हे ऐकल्यापासून माझी काळजी दुप्पट झालीय. तोवर मला वाटत होतं की प्रेशर जास्त म्हणजे वंगण जास्त.

---

भर, दुसऱ्या दिवशी रात्री:

उत्तरं दिलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. व्यक्तिगत निरोपातून ज्यांनी मॅन्युअलची पानं वाचायला लावली त्यांचे तर विशेष. आज हँगरमध्ये आमच्या एएमई (विमानाची देखभाल करणारे इंजिनिअर) साहेबांशीही अर्धा तास बोललो. जे समजलं ते लिहितो, चुकत असेन तर सांगा.

बाबांचं म्हणणं इथे तंतोतंत लागू आहे. पंप तेल ढकलतो, बेअरिंगच्या फटींतून ते कष्टानं जातं, त्या अडथळ्याचा आकडा म्हणजे प्रेशर. तेल घट्ट असलं की प्रेशर चढतं आणि रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जास्तीचं तेल परत सम्पमध्ये (खालच्या तेलाच्या टाकीत) सोडतो. म्हणजे काटा 112 दाखवत असताना बरंचसं तेल कामाच्या जागी न जाता मागच्या दारानं परत चाललेलं असतं. शिवाय या इंजिनात कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (मुख्य फिरत्या दांड्याच्या) वर बसवलेला आहे, आणि खालून उडणाऱ्या तेलाच्या शिंतोड्यांवरच त्याचं वंगण चालतं. रात्रभर उभ्या इंजिनात कॅमवरचं तेल निथळून गेलेलं असतं. त्यामुळे सकाळची पहिली मिनिटं सगळ्यात नाजूक, आणि मी नेमकी तीच मिनिटं रेटली.

एएमई साहेब म्हणाले, एकदा घडलं म्हणून इंजिन गेलं असं नाही, वरची लाल रेषा ओलांडली नव्हती. पण रोज असं केलं तर कॅमची बोंडं (झडपा ढकलणारे उंचवटे) झिजतात आणि ते बाहेरून दिसत नाही. चालू झाल्यावर 1000 ते 1200 आरपीएम, त्याच्या वर जायचं नाही. आणि 30 सेकंदांत प्रेशर उठलंच नाही तर इंजिन बंद. कडाक्याच्या थंडीत ही सवलत 60 सेकंदांची. आपल्याकडे 30 च.

टेकऑफबद्दल दोन्ही गट थोडे थोडे बरोबर निघाले. लायकमिंगचं म्हणणं, थ्रॉटल उघडल्यावर इंजिन अडखळत नसेल तर ते पुरेसं तापलंय. सेस्नाच्या मॅन्युअलमध्ये फार थंड हवेसाठी लिहिलंय की 2 ते 5 मिनिटं 1000 आरपीएमवर थांबूनही टेंपरेचरचा काटा हलला नाही, तर काही वेळा आरपीएम वाढवून बघा; इंजिन सुरळीत उचलत असेल आणि प्रेशर स्थिर असेल तर विमान तयार. पण ते हिमाच्या देशांसाठी आहे. लायकमिंग इंजिन बाहेरून गरम करायला सांगतं ते उणे 12 सेल्सिअसच्या खाली. बेळगावच्या 12 ला काटा हिरव्यात यायला पाच-सात मिनिटंच लागतात, तर मी थांबणार. माझ्यापुरता प्रश्न मिटला.

45 पीएसआयबद्दल मी उगाच घाबरलो. गरम तेल पातळ, आरपीएम कमी, त्यामुळे प्रेशर उतरणारच. खालची मर्यादा 20 आहे. खरी भीती हवेत प्रेशर पडत असताना टेंपरेचर चढायला लागलं तर, तेव्हा उतरायला शेत शोधायचं. प्रेशर कमी पण टेंपरेचर जागच्या जागी असेल तर गेज किंवा रिलीफ व्हॉल्व्ह बिघडलेला असू शकतो, तरीही जवळच्या विमानतळावर उतरायचंच.

168 बद्दल जे कळलं त्यानं मला खरंच धक्का बसला. माझा समज होता की जितकं थंड तितकं इंजिनला बरं. पण इंधन जळताना पाणी तयार होतं, त्यातलं थोडं तेलात उतरतं, आणि ते उडून जायला तेल चांगलं तापावं लागतं. 180 च्या आसपास असेल तर उत्तम. लायकमिंग म्हणतं 165 ते 200 च्या मध्ये ठेवून सलग तासभर उडवा, निदान 30 दिवसांतून एकदा. नुसतं जमिनीवर इंजिन चालवणं त्यात धरलेलं नाही, उलट त्यानं पाणी वाढतं. म्हणजे आमचं 168 पट्ट्यात आहे, पण काठावर.

तेलाबद्दल एकानं लिहिलं होतं की एसएई 50 (एसएई म्हणजे तेलाच्या घट्टपणाचा नंबर) हे 60 फॅरनहाइटच्या वरच्या हवेसाठी, म्हणून थंडीत 40 हवं. मीही तेच धरून बसलो होतो. पण तक्त्यातला आकडा सरासरी हवेचा आहे, पहाटेचा नाही. आपल्याकडे सकाळी 12 असलं तरी दुपारी 28-29 होतं, सरासरी 20 सेल्सिअसच्या, म्हणजे 68 फॅरनहाइटच्या वर. 15डब्ल्यू-50 हे मल्टिग्रेड तेल सगळ्या हवेत चालतं, पण कुठलं घालायचं ते एएमई ठरवणार, विद्यार्थ्यानं त्यात पडू नये.

---

आणखी एक, आज शनिवारी:

आमच्या विमानाचा 50 तासांचा ऑइल बदल आज होता. मी मुद्दाम थांबलो. एएमई साहेबांनी फिल्टरचा डबा कटरनं गोल कापला, आतला कागद काढून त्याची घडी न् घडी उलगडली, दाबून तेल पिळलं आणि बॅटरीच्या उजेडात एकेक चुणी तिरकी करून पाहिली. मीही पाहिली. काजळीचे बारीक काळे कण होते, बोटानं चुरडले जाणारे. धातूचं चमकणारं काही नव्हतं. चुंबक फिरवला, तोही रिकामा आला. पाच दिवसांनी मला धड झोप लागेल.

आता एकच प्रश्न उरलाय. आमचं दुसरं एक विमान सुट्या भागासाठी दोन आठवडे उभं आहे, आणि रात्री पत्र्यावर दव पडतंय. अशा इंजिनाचा पहिला स्टार्ट थंडीत कसा करावा? गोंदिया किंवा शिरपूरकडच्या वैमानिक शाळांतल्या कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा, तिकडची थंडी आमच्यापेक्षा बरीच जास्त असते.