निष्ठेचा दाखला कुणी कुणाकडे मागायचा?

रानवारा (धागाकर्ता)

परवा एका चर्चेत कुणी तरी लिहिलं, "ज्या देशाचं मीठ खाता, तिथे राहून मनातसुद्धा पूर्वजांच्या देशाचा झेंडा नको." वाक्याने टाळ्या घेतल्या. पण मनातला झेंडा तपासायचा कसा?

अमेरिकेने ते करून पाहिलं आहे. जपानशी युद्ध पेटल्यावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९ फेब्रुवारी १९४२ ला काढलेल्या हुकमानंतर पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाचे लोक काटेरी तारांच्या आड गेले. त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. पुढच्या वर्षी छावण्यांमध्ये एक प्रश्नावली फिरवली. २७ वा प्रश्न : सैन्यात जाल का? २८ वा : अमेरिकेशी बिनशर्त निष्ठा राखून जपानच्या सम्राटावरची निष्ठा सोडता का? जपानमध्ये जन्मलेल्या वडीलधाऱ्यांना तेव्हा कायद्याने अमेरिकन नागरिक होताच येत नव्हतं, ती वाट १९५२ मध्ये उघडली. 'हो' लिहिलं तर ते कुठल्याच देशाचे उरत नव्हते. त्यांच्यासाठी हा प्रश्न नंतर बदलावा लागला. मुलांची अडचण आणखी वेगळी. 'सोडतो' म्हणायचं, म्हणजे आधी ती निष्ठा होती हे कबूल करायचं! दोन्ही प्रश्नांना 'नाही' लिहिणाऱ्यांना ट्यूल लेकच्या छावणीत हलवलं.

याच काळात जपानी वंशाच्या सैनिकांची ४४२ वी रेजिमेंट इटलीत आणि फ्रान्समध्ये लढत होती. आकाराच्या मानाने सर्वाधिक सन्मान मिळवलेली अमेरिकी तुकडी म्हणून ती ओळखली जाते. त्यातल्या कित्येकांचे आईबाप पहाऱ्यात होते. सरकारने माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर द्यायचा कायदा केला, तोही १९८८ मध्ये.

जर्मन वंशाच्या नागरिकांना असं सरसकट कुणी उचललं नाही. माझा मुद्दा तोच आहे. निष्ठेचा दाखला नेहमी चेहऱ्याने वेगळा दिसणाऱ्याकडेच मागितला जातो. आणि एकदा मागितला की त्याने काहीही उत्तर दिलं तरी संशय फिटत नाही.

खमक्या

गोष्ट अर्धीच सांगितलीत. पर्ल हार्बर या अमेरिकी नाविक तळावरच्या हल्ल्यातलं एक जपानी विमान निहाऊ बेटावर उतरलं. तिथे हवाईत जन्मलेल्या जपानी वंशाच्या एका अमेरिकन नागरिकाने त्या वैमानिकाला साथ दिली, शेजाऱ्यांवर बंदूक रोखली. हे घडलेलं आहे, कुणी रचलेलं नाही. युद्ध पेटलेलं असताना राज्यकर्त्याने काय करायचं? प्रत्येकाच्या घरी बसून त्याचा स्वभाव समजून घ्यायचा?

छावण्या चूकच होत्या, त्यावर वाद नाही. पण त्यावरून 'वांशिक ओळख आणि देशनिष्ठा यांत कधी ताण येतच नाही' असं ठरवायचं असेल तर मला मान्य नाही. ताण येतो. तो मान्य करूनच धोरण आखावं लागतं.

सिंगापूर बघा. १९६४ मध्ये मलय आणि चिनी यांच्यात दंगली झाल्या. ९ ऑगस्ट १९६५ ला मलेशियातून बाहेर पडून हे इवलंसं राष्ट्र उभं राहिलं. त्यांनी 'आपोआप होईल' म्हणून वाट पाहिली नाही. चार अधिकृत भाषा ठेवल्या. बहुसंख्य चिनी असूनही राष्ट्रगीत मलय भाषेतलं ठेवलं. १९८९ पासून सरकारने बांधलेल्या राहत्या इमारतींमध्ये वंशनिहाय मर्यादा आणली, म्हणजे कुठल्याही एका गटाची वेगळी वस्ती तयार होऊ नये. घर विकतानासुद्धा हा नियम आड येतो. जाचक आहे का? आहे. पण शेजारी वेगळ्या वंशाचा असतो आणि मुलं एकाच जिन्यात वाढतात.

नकटी

१९९० मध्ये नॉर्मन टेबिट या ब्रिटिश राजकारण्याने क्रिकेटची कसोटी सुचवली होती : आशियातून आलेले लोक सामन्यात कुणाच्या बाजूने ओरडतात ते बघा. आमच्या घरी कुणीच क्रिकेट बघत नाही. आम्हाला कुठे हाकलणार?

दूरदेशी

@खमक्या, निहाऊचा दाखला दिलात ते बरं केलंत, कारण तो तुमच्यावरच उलटतो. निहाऊ हवाईत, पर्ल हार्बरही हवाईत. तिथे एक तृतीयांशाहून जास्त लोक जपानी वंशाचे. मग सगळ्यात आधी तिथेच छावण्या भरायला हव्या होत्या ना? तिथे लष्करी कायदा लागला, निवडक लोकांना पकडलंही, पण सरसकट कुणाला नेलं नाही. इतकी माणसं उचलली असती तर बेटांवरची कामंच थांबली असती. धोका जिथे सगळ्यात जवळ होता तिथे चौकशी माणसागणिक झाली. आणि कॅलिफोर्नियात, जिथे जपानी शेतकऱ्यांच्या जमिनींवर बऱ्याच जणांचा डोळा होता, तिथे वंश बघून झाली. याला सुरक्षेचं धोरण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पंतोजी

दोन्ही बाजू 'सरकारने काय करावं' यातच अडकल्या आहेत. लोकांनाही आपली खूण जपायची असते, ते कुणी लादलेलं नसतं.

मॉरिशसचं उदाहरण घ्या. तिथे निवडणुकीनंतर ८ पर्यंत जागा समाजांचा तोल बघून दिल्या जातात. राज्यघटनेत त्यासाठी हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि उरलेले सगळे असे ४ गट आहेत. तिथला मराठी माणूस यात हिंदूंमध्ये मोजला जातो. ही विभागणी नको म्हणणारे तिथे बरेच आहेत आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. पण १९९८ मध्ये काय झालं? नव्या नोटांवर तमिळ मजकूर हिंदीच्या खाली गेला, आधी तो वर असायचा. तमिळ समाजाने आवाज उठवला आणि मध्यवर्ती बँकेला त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. यात देशद्रोह शोधून सापडणार नाही. उलट ही नोट आपलीही आहे असं वाटतं म्हणूनच माणूस तिच्यावरच्या ओळींसाठी भांडतो. ज्याला निघून जायचंय तो कशाला भांडेल?

खमक्या

@पंतोजी, निघून जायची सोय ठेवणारेही असतातच. युगांडा १९६२ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तिथल्या आशियाई लोकांना नागरिकत्व घ्यायची मुदत होती. पुष्कळांनी ब्रिटिश पासपोर्टच ठेवला. दुकानं इथे, पासपोर्ट तिथला. मग स्थानिकांच्या मनात प्रश्न येणारच.

दूरदेशी

आणि १९७२ मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीनने ९० दिवसांत निघा म्हणून सांगितलं, तेव्हा युगांडाचं नागरिकत्व घेतलेल्यांची काय गत झाली? कागदपत्रांत खोट काढून कित्येकांना तेही नाकारलं. ज्यांनी ब्रिटिश पासपोर्ट ठेवला होता ते निदान ब्रिटनच्या दारात उभे राहू शकले. नागरिकत्व घेणाऱ्यांपैकी अनेकांना कुठलाच देश उरला नाही. अशा वेळी जुना पासपोर्ट पेटीच्या तळाशी जपून ठेवणाऱ्याला मी कोणत्या तोंडाने नावं ठेवू?

रानवारा

सिंगापूरकडे वळतो, कारण खमक्यांचा खरा भर तिथे आहे. इमारतींचा मुद्दा मला बऱ्यापैकी पटतो, विशेषतः मर्यादा सगळ्यांना लागू आहे म्हणून. पण त्याच सरकारने १९६७ मध्ये सक्तीची लष्करी सेवा आणली, आणि सुरुवातीची बरीच वर्षं मलय तरुणांना जवळजवळ बोलावलंच नाही. शेजारी मलयबहुल देश, हे त्यामागचं कारण. बोलावणं नाही आणि सूट दिल्याचा कागदही नाही. नोकरी देणारे विचारायचे, तुझी सेवा झाली का? आज ना उद्या बोलावणं येईल अशा मुलाला कामावर ठेवायला ते कचरायचे. संशय मनात ठेवला सरकारने आणि त्याची किंमत मोजली बेकार पोरांनी. १९८७ मध्ये तेव्हाचे मंत्री ली सिएन लूंग यांनी उघडपणे सांगितलं की, देश आणि धर्म यांच्या कात्रीत सैनिक सापडेल अशा जागी त्याला ठेवायचं नाही. बरं, असा प्रश्न चिनी सैनिकाबद्दल त्याच आवाजात कधी विचारला गेला?

नकटी

+१. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हवंय.

खमक्या

शेजारी चिनी देश नव्हता, हे उत्तर. भूगोल कुणाला सोडत नाही. आणि ते धोरण हळूहळू सैल झालं, हेही लिहा की. २००९ मध्ये पहिला मलय ब्रिगेडियर जनरल झाला.

रानवारा

१९६७ ते २००९. म्हणजे बोलावणं न आलेली ती सुरुवातीची मुलं तोवर साठीला टेकलेली.

खमक्या

मलेशियात घटनेचं कलम १५३ मलयांना खास स्थान देतं, अजूनही देतं. तिथल्या चिनी माणसाने देशावर निष्ठा कशाच्या बळावर ठेवायची, यावर तुमच्यापैकी कुणी अजून अक्षर काढलेलं नाही. ते लिहा, मग मी सिंगापूरवर परत येतो.