वंशवृक्षाची रेघ पीडीएफमध्ये रेघच राहावी, की तिचं चित्र झालं तरी चालेल?

रावपुऱ्याचा नातू
आमच्या कुलवृत्तांताचं काम बडोद्यात शेवटच्या टप्प्यात आहे. वंशवृक्ष 11 पिढ्यांचा, ए-थ्री घडीचं पान, नावं 6 पॉइंटात. इंकस्केप या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये काढला, एसव्हीजी म्हणून, म्हणजे रेषांचं रेषांतच राहणारं व्हेक्टर चित्र म्हणून, वर्डमध्ये घातला. काल दांडिया बाजारातून पीडीएफचं प्रूफ आलं. आजोबांनी भिंग लावलं आणि विचारलं, "हा कोण?" 'त्र्यंबक'मधल्या 'त्र्य'चा नुसता काळा डाग झाला होता. कडेच्या रेषाही पावसात भिजल्यासारख्या फुगलेल्या.
दुकानदार म्हणतो, मोठी पीएनजी (ठिपक्यांचं चित्र) द्या, कटकट मिटेल. मला हे पटत नाही. रेषांनी काढलेलं चित्र पीडीएफमध्येही रेषांचंच राहिलं पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

शाईवाला
छापखान्यात केस पांढरे झाले म्हणून बोलतो. छपाईच्या प्लेटवर शेवटी सगळे ठिपकेच असतात, तुमची रेघसुद्धा. पीएनजी नको, 1200 डीपीआयची, म्हणजे इंचाला 1200 ठिपक्यांची, वन-बिट (निव्वळ काळी-पांढरी) टिफ द्या. ए-थ्रीला 19,843 गुणिले 14,031 ठिपके, म्हणजे कच्ची फाइल साधारण 35 एमबी, आणि ग्रुप-फोर कॉम्प्रेशन लावलं की त्याच्या कितीतरी खाली. व्हेक्टरवाल्यांच्या फायली माझ्याकडे येतात तेव्हा फॉन्ट हलतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, आणि बोलणी मी खातो. टिफमध्ये काही हलत नाही.

कलाभवनचा जुना
काका, ठिपके होणारच, पण ते कधी करायचे हाच तर वाद आहे. प्लेट काढणारं यंत्र स्वतःच्या रिझोल्यूशनला, बहुतेक ठिकाणी 2400 डीपीआयला, एकदाच ठिपके पाडतं. तुम्ही आधी 1200 ला पाडता, मग यंत्र त्यावर पुन्हा आपले पाडतं. पहिल्यांदा गेलेली कड परत येत नाही. उद्या हेच पान भिंतीवर लावायला मोठं करायचं झालं तर?
नातू, एक सांग. प्रूफची पीडीएफ कुठल्या वर्डमधून काढली?

रावपुऱ्याचा नातू
दुकानातल्या. 2010 असावं. मी डॉक्स फाइल पेनड्राइव्हवर दिली होती.

कलाभवनचा जुना
मग चोर सापडला. 2010 ला एसव्हीजी कळतच नाही. नवीन वर्ड एसव्हीजी घेताना शेजारी तिची एक पीएनजीही ठेवून देतं, जुन्या वर्डला दाखवायला. डॉक्सचं नाव बदलून झिप कर आणि मीडिया फोल्डर उघड, दोन्ही दिसतील. दुकानात छापली गेली ती स्क्रीनपुरती पीएनजी.
घरच्या वर्डमधून सेव्ह ॲज करून पीडीएफ काढ. चौकटींना सावली दिली असशील तर आधी काढून टाक, सावली आणि चमक एक्सपोर्टमध्ये ठिपक्यांचीच होते. पीडीएफ/एची (दीर्घकाळ जपायच्या पीडीएफची) खूणही नको. त्याच्या पहिल्या आवृत्तीत, आयएसओ 19005-1 मध्ये, पारदर्शकता चालत नाही, मग पारदर्शक रंग सपाट करताना वर्ड काय करेल त्याचा नेम नाही.

थिसिसवाली
जरा उलटं बोलते. माझ्या एका आलेखात दोन लाखांवर बिंदू होते. व्हेक्टर ठेवला तर ते एक पान उघडायला चहा करून यावं लागायचं. बिंदूंचं चित्र केलं, अक्ष आणि अक्षरं व्हेक्टर ठेवली. सरसकट 'व्हेक्टरच' म्हणणाऱ्यांनी एकदा असली फाइल गाइडना पाठवून बघावी.

शाईवाला
शाबास. आणि नातू, वर्डचं मी मान्य केलं, फॉन्टचं नाही. देवनागरी अक्षरं जिवंत ठेवू नकोस. इंकस्केपमध्ये सगळ्या मजकुराचे पाथ कर, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या कर, मग पाठव.

नामसूचीवाल्या ताई
पाथ केले की पीडीएफमध्ये नाव शोधता येत नाही! पुण्याचा भाऊबंद मोबाइलवर आपलं नाव शोधणार, ते कसं?

शाईवाला
ताई, देवनागरी पीडीएफमध्ये कसला शोध! 'चिंतामण' कॉपी करून पाहा, बऱ्याचदा 'िचंतामण' येतं.

नामसूचीवाल्या ताई
येतं खरं. पण म्हणून सगळंच सोडायचं का? झाडातली नावं पाथ करा, मागची नामसूची मात्र साध्या मजकुरातच राहील. तिला मी हात लावू देणार नाही.

रावपुऱ्याचा नातू
तसंच केलं. सावली काढली, पाथ केले, घरून पीडीएफ काढली. पीडीएफमधली चित्रं शोधणाऱ्या पॉपलरच्या पीडीएफइमेजेस या साधनाकडे यादी मागितली तर अख्ख्या पुस्तकात दोनच चित्रं निघाली, दोन्ही जुने फोटो. झाडाच्या पानावर एकही नाही. 6400 टक्क्यांवर नेलं तरी 'त्र्य'ची कड धारदार.
कागदावर काढून आजोबांना दिलं. त्र्यंबक एका नजरेत वाचला. आता म्हणतात, तो या फांदीवर नाहीच, धाकट्या पातीचा आहे.

शाईवाला
फांदी आजच हलव. प्लेट उद्या सकाळी.