दिखाऊपणाला कारण होतं

'एडवर्डियन काळातल्या (राजा सातव्या एडवर्डच्या, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या) ब्रिटिश बँकांच्या इमारती म्हणजे नुसता दगडी भपका' असं एक मत आहे, ते मला अर्धंच पटतं. मँचेस्टरच्या स्प्रिंग गार्डन्समधली १९०२ ची पार्स बँक बघा. वास्तुविशारद चार्ल्स हीथकोट. तांबड्या वालुकाश्माची, कोपऱ्यावर घुमट, बरोक, म्हणजे भरगच्च नक्षीच्या युरोपीय शैलीचा थाट. आत हिरव्या संगमरवराच्या भिंती नि रंगीत काचा. भपका आहेच, पण तो मोजूनमापून केलेला. १८७८ मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली तेव्हा अमर्यादित जबाबदारीमुळे (म्हणजे बँकेचं देणं भागधारकांनी स्वतःच्या मालमत्तेतून फेडायचं) भागधारकांची घरंदारं गेली. ज्यांना ते आठवत होतं, त्यांच्या ठेवी मिळवायच्या तर इमारत उद्या उठून पळणारी वाटून चालणार नव्हतं! त्यातून पार्स मूळची वॉरिंग्टनची, म्हणजे मँचेस्टरात बाहेरचीच.

याच बँकेची लिव्हरपूलच्या कॅसल स्ट्रीटवरची इमारत (१८९८-१९०१) मला जास्त आवडते. वास्तुविशारद नॉर्मन शॉने खाली ग्रॅनाइट ठेवून वर हिरवट आणि फिकट संगमरवराचे आडवे पट्टे दिले, खिडक्यांभोवती लाल टेराकोटा (भाजलेली माती). लंडनच्या न्यू स्कॉटलंड यार्डमध्ये, म्हणजे पोलीस मुख्यालयाच्या इमारतीत, त्याने असेच पट्टे वीट आणि फिकट पोर्टलंड दगडात काढले होते. पण खरी करामत आत आहे. मधे गोल, घुमटाखालचा बँकिंग हॉल, आणि वरच्या मजल्यांचा भार पेलायला पोलाद. बाहेरून मात्र पोलादाचा मागमूस लागत नाही.

मँचेस्टरच्या हॉलमध्ये पुढे रेस्टॉरंट आलं. संगमरवर शाबूत आहे, त्यामुळे माझी तक्रार नाही.