चित्रकला म्हणजे नुसती श्रीमंतांची स्तुती? मला हे साफ अमान्य आहे

रेघोटी

परवा वाचलेल्या एका लेखाने डोकं तापलंय, म्हणून हा धागा. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं : एकोणिसावं शतक उजाडेपर्यंतची सगळी चित्रं-शिल्पं म्हणजे धनिकांनी पैसे मोजून करवून घेतलेली स्वतःची आरती. कष्टकरी त्यात नाहीतच, आणि असलेच तर पायपुसण्यासारखे. संग्रहालय म्हणजे पावत्यांची फाइल. त्याखाली सगळ्यांनी माना डोलावल्यात.

पैसे कोणी दिले एवढं कळलं की चित्र कळलं, असं मानणारा माणूस चित्रासमोर पाच मिनिटंही उभा राहिलेला नसतो.

इजिप्तच घ्या. इ.स.पू. ३१००च्या सुमाराची नार्मर राजाची कोरीव दगडी पाटी सगळ्यांना पाठ आहे : राजा प्रचंड, त्याच्या चपला धरणारा कितीतरी लहान. हुद्दा म्हणजे उंची. ठीक. पण थीब्जला मेन्नाची कबर आहे, इ.स.पू. १४००च्या आगेमागेची. मेन्ना आणि त्याची बायको ठरलेल्या साच्यात ताठ बसलेत. आणि शेतातल्या दृश्यात? धान्य वेचणाऱ्या दोन मुली एकमेकींच्या झिंज्या उपटताहेत. दुसरीकडे एक मुलगी मैत्रिणीच्या तळव्यातला काटा काढतेय. झाडाखाली एक गडी डुलकी काढतोय. चित्रकाराला धन्याच्या चेहऱ्यात काडीचीही मोकळीक नव्हती, ती सगळी त्याने या मुलींमध्ये वापरली. ३४०० वर्षांपूर्वी. आणि हे म्हणतात, कष्टकरी एकोणिसाव्या शतकात आले!

कोरडी पाटी

मेन्ना कोण होता हे सांगायचं का राहिलं? राजाच्या शेतांचा लेखनिक. पिकाची मोजणी आणि वसुली हेच त्याचं काम. त्याच कबरीत दोर टाकून शेत मोजणारी माणसं आहेत, धान्याच्या राशी मोजून लिहून घेणारे कारकून आहेत आणि छडीचा मार खाणारा माणूसही आहे. तुम्ही झिंज्या दाखवल्यात, छडी गाळलीत.

त्या मुली तिथे आहेत कारण ते शेत मेन्नाच्या अखत्यारीतलं आहे. बैल आहेत, राशी आहेत, तशाच मुली आहेत. ती मालमत्तेची यादी आहे, फक्त सुंदर अक्षरात लिहिलेली. यादीत नाव असणं वेगळं आणि यादी लिहिणं वेगळं.

आणि यादीतूनही लोक गळतात. गेन्सबरो या इंग्रज चित्रकाराचं सुमारे १७५०चं मिस्टर आणि मिसेस अँड्र्यूजचं चित्र शोधून बघा. डावीकडे नवराबायको, त्याच्या काखेत बंदूक. उजवीकडे कापलेल्या गव्हाच्या पेंढ्या अगदी ओळीत उभ्या. कापणारं एकही माणूस नाही. अख्ख्या शेतात नाही. गहू काय आपोआप कापला गेला? त्या लेखकाचं बरोबरच आहे, आणि तुम्हाला ते का झोंबलं ते मला कळत नाही.

दंतकार

साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं कशाला, सांचीच्या दक्षिण तोरणावर लेख आहे : विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे रूपकाम केलं. स्तूपाला दान देणाऱ्यांचे शेकडो लेख तिथे आहेत, त्यांत भिक्षुणी आहेत, व्यापारी आहेत, कारागीर आहेत. हे कुठल्या एका राजाच्या पावतीत बसवणार? माझी जुनीच तक्रार आहे, कलेच्या इतिहासात कारागीर म्हटलं की ‘अनामिक’ लिहून मोकळे होतात. कित्येकदा नाव दगडावर असतं. वाचायचे कष्ट कोणी घेत नाही.

कोरडी पाटी

दान द्यायला हातात काही असावं लागतं. तोरणाचा दगड वाहून आणणाऱ्याचा लेख दाखवा, मग बोलू.

लाजवर्दी

एवढी चर्चा चालू आहे आणि रंगाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. दर्जा आकृतीत नंतर येतो, आधी रंगात येतो.

अस्सल अल्ट्रामरीन म्हणजे लाजवर्दाचा दगड कुटून काढलेला निळा. दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून यायचा. १४८५ मध्ये फ्लॉरेन्सच्या अनाथालयाने गिर्लांदायो या चित्रकाराशी जो करार केला त्यात निळा रंग औंसाला सुमारे चार फ्लोरिनच्या (सोन्याच्या नाण्यांच्या) प्रतीचा हवा असं कलमच आहे. अनाथ मुलांसाठीची संस्था, आणि वेदीच्या चित्रातल्या निळ्याची प्रत करारात! त्या काळच्या बघणाऱ्याला येशूच्या आईच्या, मेरीच्या झग्याकडे पाहून खर्च कळायचा.

आता डच चित्रकार व्हर्मीरकडे या. सुमारे १६५८चं ‘दूध ओतणारी’. स्वयंपाकघरातली मोलकरीण, आणि तिच्या एप्रनला तोच अस्सल अल्ट्रामरीन. मेरीच्या झग्याचा निळा एका मोलकरणीच्या कमरेला. ही यादी नव्हे, पाटीसाहेब. हा निर्णय आहे.

अर्धवट चौकट

तेव्हा स्वस्तातला प्रशियन निळाही होता ना? हौसेने महागडा वापरला असेल, त्यातून एवढा अर्थ कशाला काढायचा?

लाजवर्दी

प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडला. व्हर्मीर १६७५ मध्ये वारला. तोंडाला येईल ते लिहू नका. त्याच्याकडे स्वस्त पर्याय होता तो अझुराइट या दुसऱ्या निळ्या दगडाचा, आणि त्याचे समकालीन तो सर्रास वापरत होते. आणि व्हर्मीर काही श्रीमंत नव्हता, मेला तेव्हा घर कर्जात होतं. असा माणूस मोलकरणीच्या एप्रनवर सगळ्यात महाग निळा लावतो, हे क्षुल्लक वाटत असेल तर आपलं बोलणं खुंटलं.

कोरडी पाटी

आणि ते चित्र कोणाच्या भिंतीवर गेलं? १६९६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला व्हर्मीरच्या एकवीस चित्रांचा लिलाव झाला, त्यात हे १७५ गिल्डरला गेलं. त्याचं ‘डेल्फ्टचं दृश्य’ हे चित्र सोडलं तर सगळ्यात जास्त बोली. एप्रनवरचा निळा गिऱ्हाइकासाठी होता, तिच्यासाठी नव्हता.

लाजवर्दी

गिऱ्हाइकासाठीच असता तर मालकिणीच्या रेशमावर लावला असता आणि मोलकरणीला मातकट रंगात उरकलं असतं. आणि निळा आलाच आहे तर पुढचंही ऐका. १८२४ मध्ये फ्रान्समध्ये कृत्रिम अल्ट्रामरीनसाठी ६००० फ्रँकचं बक्षीस लागलं, १८२८ मध्ये गिमे या रसायनतज्ज्ञाने ते पटकावलं. तिथून निळ्याची किंमत कोसळली. जो रंग मेरीसाठी तोलून घ्यायचे तो पुढे पांढऱ्या कपड्यांना द्यायची नीळ म्हणून धुण्याच्या बादलीत गेला. दर्जाचा इतिहास लिहायचा तर या एका भुकटीवरून लिहिता येईल. मी गेली कित्येक वर्षं रंग कुटून बघतोय, लाजवर्दातून निळा वेगळा करताना हात कसे भरून येतात ते मला माहीत आहे. तो कुटणारा कोण होता, हेही विचारा कधी.

अर्धवट चौकट

प्रशियन निळ्याचं चुकलं, मान्य. पण तुम्ही सगळा धागा निळीत बुडवलात.

मधली सुटी

मला निळ्यातलं काही कळत नाही. माझी आई आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करत आली. माझ्या वहीवर या ‘दूध ओतणारी’ चित्राचा छापील तुकडा चिकटवलेला होता. आईला लिहिता-वाचता येत नाही. ती ते बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, हिच्या बाह्या बघ कशा वर सारल्यात, मनगटाकडचा हात रापलाय आणि वरचा गोरा राहिलाय, हे ज्याने काढलं त्याने कामवालीचे हात नीट बघितलेत. मी ते चित्र शंभर वेळा पाहिलं होतं. मला ते दिसलं नव्हतं.

गिऱ्हाईक कोण होतं ते असू दे. आईला ती बाई ओळखीची वाटली. ही गोष्ट कुठल्या यादीत टाकायची ते सांगा.

कोरडी पाटी

तुमच्या आईंबद्दल मला आदर आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. त्यांना ते हात ओळखता आले ही त्यांची नजर. त्याचं श्रेय चित्र लटकवणाऱ्यांना देऊ नका. आपल्या माणसांना चित्रात चुकून जागा मिळाली की आपण हरखून जातो. मला त्या हरखण्याचाच राग येतो.

मधली सुटी

आदर असेल तर ‘चुकून’ हा शब्द मागे घ्या. तिने जे पाहिलं ते कोणीतरी मुद्दाम रंगवलं होतं म्हणून तिला दिसलं. माझ्या आईला काय वाटावं हे तुम्ही मला शिकवू नका.

जवस

मी व्यक्तिचित्रं करतो, पोटासाठी. इतका वेळ नुसता वाचत होतो.

एका कुटुंबाचं समूहचित्र करायला घेतलं होतं. त्यांनी दिलेल्या फोटोत मुलाला सांभाळणाऱ्या बाई होत्या, मुलाने त्यांचं बोट धरलेलं. कच्च्या रेखाटनात मी त्यांना घेतलं. रेखाटन बघून घरच्यांनी सांगितलं, यांना काढून टाका. शांतपणे सांगितलं, एखादी खुर्ची हलवायला सांगावी तसं. मी काढून टाकलं. मग मुलाचा हात हवेत राहिला. काहीतरी धरलेला हात, आणि हातात काही नाही. दोन दिवस मी त्या हाताशी झगडत होतो. शेवटी तिथे खुर्चीची पाठ आणली आणि मूठ तिच्यावर टेकवली. पैसे घेतले.

अँड्र्यूजच्या पेंढ्यांबद्दल वाचलं आणि तो हात आठवला. रेघोटी, तुमचं मेन्नाबद्दलचं म्हणणं मला पटतं. कडेची माणसं काढताना हात सुटतो, हे खरंच आहे. पण चित्रात कोण राहणार हे मी ठरवत नाही. पाटी यांचं तिथे चुकत नाही.

दंतकार

आणि चित्रकार तरी कुठे वेगळा होता? सुमारे १६१५ ते १८ दरम्यानचं बिचित्र या दरबारी चित्रकाराने केलेलं जहांगीरचं चित्र आठवा. बादशहा वर, सूफी शेखला ग्रंथ देतोय, त्याखाली तुर्की सुलतान, त्याखाली इंग्लंडचा राजा जेम्स, आणि सगळ्यात खाली कोपऱ्यात खुद्द बिचित्र. सही कुठे? बादशहाच्या पायाखालच्या चौरंगावर. ती लाचारी म्हणा किंवा धीटपणा म्हणा, राजांच्या रांगेत नोकराने स्वतःला बसवलं ते बसवलंच.

रेघोटी

पाटी, छडी मी गाळली हे खरं. मला ती माहीत होती आणि लिहिताना मुद्दाम सोडली, कारण लेखाचा राग होता. ते चुकलंच. पण त्याच कबरीत मेन्नाचा चेहरा कोणीतरी मागाहून खरवडलाय आणि मुली अजून भांडताहेत, हेही लिहा.

आता तुमच्या ‘यादी कोण लिहितो’ला उत्तर. स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझने १६५० मध्ये रोमला हुआन दे पारेहाचं चित्र केलं. पारेहा त्याचा गुलाम होता. चित्रात तो लेसची कॉलर लावून, मान सरळ ठेवून बघणाऱ्याच्या नजरेला नजर देतोय. त्याच वर्षी त्याच्या मुक्ततेचा कागद झाला.

कोरडी पाटी

आणि त्या कागदात आणखी चार वर्षं सेवेची अट होती. चित्र उत्तम, मालक तोच.

रेघोटी

पुढचं तर ऐका. पारेहा मोकळा झाला आणि स्वतः चित्रकार झाला. १६६१चं त्याचं ‘संत मॅथ्यूला पाचारण’ माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे, चांगलं प्रचंड. त्यात अगदी डाव्या कडेला त्याने स्वतःला उभं केलंय. हातात कागद आहे आणि कागदावर त्याचं नाव. कोणी काढा म्हणालं नाही, कोणी घ्या म्हणालं नाही. यादी त्यानेच लिहिली.

कोरडी पाटी

पारेहा मान्य. एक. त्या एकासाठी मी अँड्र्यूजचं रिकामं शेत विसरणार नाही, पण मान्य. आणि ‘मधली सुटी’, ‘चुकून’ हा शब्द मागे घेतो.

जवस, तुम्हाला एक विचारायचं होतं. त्या बाईंचं नाव काय?

लाजवर्दी

‘यादी’ म्हणता, तर वेलाझ्केझने केलेल्या पारेहाच्या चित्रात निळा किती कमी आहे तेही बघा. त्याने ते सगळं करड्या-हिरवट रंगांत पेललंय, झळकते ती फक्त कॉलर. महाग रंगाशिवाय माणूस उभा करता येतो. म्हणजे माझ्याच मुद्द्याला हा अपवाद आहे, लिहून ठेवतो.

जवस

विचारलं नव्हतं. मूळ रेखाटन माझ्याकडे आहे अजून. कोपऱ्यात मुलांची नावं लिहिलीत, वयांसकट. त्यांच्या आकृतीपाशी मी फक्त ‘बाई’ लिहिलंय.